क्रमांक २१४ पुढची नोंद

॥ श्री ॥
कसबा पेठ, पुणे
३ सप्टेंबर २००१

चि. दीनानाथ यास,

मंदाकिनीताईचे अनेक आशीर्वाद. माझं बरं चाललंय. गुडघे सोडले तर तक्रार नाही, आणि तक्रार केली तरी ऐकायला घरात कोणी नाही. बिल्डरने बांधलेल्या या नव्या इमारतीतली लिफ्ट आठवड्यातून चार दिवस चालते, उरलेले तीन दिवस मी चालते. तुझी साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे.

कुलवृत्तांताचा फॉर्म मिळाला. सोबतचं पत्रही मिळालं. सख्ख्या चुलत बहिणीला 'आदरणीय कुलबंधू-भगिनींनो' असं छापील पत्र पाठवणारा माणूस आपल्या पिढीत तू एकटाच. खाली शाईने 'ताई, लवकर भर' एवढं लिहायची तसदी घेतलीस, त्याबद्दल आभारी आहे.

मी समजू शकते. बँकेने स्वेच्छानिवृत्तीचं गाजर दाखवलं आणि तू दोन वर्षं आधीच घरी बसलास. अशा वेळी कोणी कुंड्यांत मिरच्या लावतं, कोणी सकाळी टेकडीवर जाऊन हात वर करून हसतं. तू पूर्वज शोधायला घेतलेस. पूर्वज बरे, ते उलट बोलत नाहीत.

तुझं माहितीपत्रक मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. १९६३ च्या पहिल्या आवृत्तीत आपले मूळ पुरुष नागोराव हे 'सरकारवाड्यात कारकून' होते. तुझ्या पत्रकात ते 'पेशवाईतील नामवंत मुत्सद्दी' झालेत. मेलेल्या माणसाला अडतीस वर्षांत केवढी बढती! मी खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ऑफिसात जिवंतपणी तेहेतीस वर्षं कारकुनी केली, मला हेडक्लार्क व्हायला एकवीस वर्षं लागली. नागोरावांनी कोणाची शिफारस आणली ते कळव.

मग वरदचं कौतुक. मुलगा कॅलिफोर्नियात बसून कॉम्प्युटरवर कुळाचा वृक्ष तयार करतोय, जगभरचे पिंपरखेडकर एका बटणावर दिसणार, ही सगळी माहिती तू आधी फोनवर, मग पत्रात आणि मग पत्रकात अशी तीनदा दिलीस. बटण दाबल्यावर ते दिसतील हे खरं. त्यातल्या किती जणांना एकमेकांचं तोंड पाहायचंय, याचीही एक नोंद ठेवा.

आणि ती क्रांती. 'यापुढे कुळातील स्त्रियांनाही स्वतंत्र क्रमांक देण्याचा निर्णय समितीने एकमताने घेतला आहे.' समितीत नऊ पुरुष, एकमत व्हायला काय हरकत होती? मला मिळालेला स्वतंत्र क्रमांक २१४-अ. म्हणजे भावाच्याच क्रमांकाला शेपटी. असो. नव्वद टक्के समाज एवढंही करत नाही, असं तू म्हणशील, तेव्हा ते मीच म्हणून टाकते.

फॉर्म भरून सोबत जोडला आहे. शिक्षण, नोकरी, निवृत्तीचं वर्ष. विवाह या रकान्यात 'नाही' लिहिलंय. 'विशेष कर्तृत्व' या रकान्यात काही लिहिलेलं नाही, तिथे तुम्ही लोक नाहीतरी स्वतःच भर घालता.

एक काम आहे. जुन्या आवृत्तीत पान एकशे सव्वीसवर क्रमांक २१४ आहे, सुदर्शन रंगनाथ, माझा थोरला भाऊ. कारखान्यात नकाशे काढायचा, तिसाव्या वर्षी विषमज्वराने गेला. त्याच्या नोंदीपुढे 'नि. सं.' असं छापलंय. निस्संतान. तेवढी दोन अक्षरं नव्या आवृत्तीत नकोत. कारण विचारू नकोस. कारण न विचारता तुम्ही बरंच काही छापता, त्यात हे एक बसेल.

तुझी,
मंदाकिनीताई


॥ श्री ॥
कसबा पेठ, पुणे
१ ऑक्टोबर २००१

चि. दीनानाथ यास,

अनेक आशीर्वाद. पाऊस थांबला, उकाडा सुरू झाला, गल्लीतले मांडवाचे बांबू अजून उचललेले नाहीत. एवढी ख्यालीखुशाली पुरे.

तुझं उत्तर मिळालं. यावेळी समितीच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून. 'सबळ पुराव्याशिवाय पहिल्या आवृत्तीतील नोंदींत बदल करता येणार नाही. शिवाय सदर नोंद आद्य संपादक कै. रंगनाथकाका यांची असल्याने ती अधिकृत मानावी लागते.' वा! नागोरावांना मुत्सद्दी केलंस तेव्हा कुठला पुरावा आला होता रे? त्यांचा नेमणुकीचा कागद पोस्टाने आला का?

तू बधणार नाहीस हे मला ठाऊक होतं. चार ओळींत काम होईल अशी उगाच आशा केली. तर आता सगळं वाच.

सुदर्शनदादाला मुलगी आहे. होती नाही, आहे. राधा तिचं नाव, वय एक्केचाळीस. तिची आई शैला, आपल्या कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. १९५८ साली दोघांनी रजिस्टर लग्न केलं. शैलावहिनी महार कुटुंबातली. छप्पन्न साली ती सगळी मंडळी बौद्ध झाली. हे वाक्य आपल्या घरात कधी पुरं बोललं गेलं नाही. 'दादाचं ते प्रकरण', 'ती खडकीची', एवढ्यावर सगळ्यांची जीभ अडखळायची. म्हणून मी ते इथे पुरं लिहिलंय, तुझ्या जावक क्रमांकाच्या फायलीत राहू दे.

'मला याची कल्पना नव्हती' असं आता तू लिहिणार. लिहू नकोस. दादा गेला तेव्हा तू वीस वर्षांचा होतास. खडकीच्या क्वार्टर्सबाहेर तू, तुझे वडील आणि तुझे आद्य संपादक, म्हणजे माझे आप्पा, रस्त्यापलीकडे उभे होतात, आत कोणी गेलं नाहीत. दारात शैलावहिनी उभी होती आणि तिच्या कडेवर दोन वर्षांचं मूल होतं. ते मूल दवाखान्याने तेवढ्या दिवसापुरतं दिलंय असं वाटलं का तुला? आप्पा तर त्या मुलीवरून नजर काढून विजेच्या खांबाकडे बघत राहिले. तेव्हा मला त्यांची कीव आली होती. आज येत नाही.

पुढच्याच वर्षी कुलवृत्तांताचं काम निघालं. आप्पांनी सतरा गावांना पत्रं घातली, नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्या उतरवून आणल्या. कुठल्या शतकात कोणाच्या दुसऱ्या बायकोचा तिसरा मुलगा अल्पवयात वारला, तेही शोधून काढलं. खडकीला जायला कसब्यातून अर्धा तास लागतो, तिथे मात्र त्यांचा हात पोचला नाही. छापखान्याला द्यायची प्रत माझ्या हातची, माझं अक्षर बरं होतं. आप्पांनी सांगितलं तसं मी लिहिलं. त्या घरात आप्पांपुढे बोलायची कोणाची छाती होती? तुझी तरी होती का?

ज्या अधिकृत नोंदीचं कौतुक तू करतोस, ती अशी झाली. आता ती बदल, आणि दादाच्या नावाखाली लिही, 'कन्या राधा'.

डिसेंबरच्या संमेलनात ज्येष्ठ म्हणून माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार असं कळलं. शाली माझ्याकडे दोन आहेत.

तुझी,
मंदाकिनीताई


कसबा पेठ, पुणे
२९ ऑक्टोबर २००१

दीनानाथ,

तुझं उत्तर आलं. वाचून मी आधी हसले.

हसले ते गोत्रावर. 'व्यक्तिशः माझी काहीच हरकत नाही, परंतु वरदच्या प्रोग्रॅममध्ये पत्नीचे गोत्र भरल्याशिवाय अपत्यांचे पान उघडतच नाही.' दीना, तुझा मुलगा सात समुद्र ओलांडून गेला, जगातली सगळ्यात हुशार यंत्रं त्याच्या हाताखाली आली, आणि त्यांना त्याने काय शिकवलं, तर सुनेचं गोत्र विचारायला! आप्पा निदान स्वतःच्या तोंडाने नाही म्हणायचे. तू आता यंत्राच्या पदराआड लपतोस.

खालचं वाक्य त्याहून तुझं. 'संबंधित महिलेच्या स्वतःच्या सहीचा फॉर्म आल्यास समिती सहानुभूतीपूर्वक विचार करील.' ती सही येणार नाही याची तुला खात्री होती. मी तिच्याकडे जाणार नाही, याचीही असेल. तुझा अंदाज वाईट नव्हता. चाळीस वर्षं मी गेले नव्हतेच.

गेल्या रविवारी गेले. रिक्षाने, फॉर्म पिशवीत घालून. राधा दापोडीला राहते, पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. दार तिनेच उघडलं. कपाळ आणि भुवया थेट दादाच्या. मी नाव सांगितलं. तिला नवल वाटलं नाही, राग आलेलाही दिसला नाही. 'या, बसा' म्हणाली आणि पंखा लावला. शैलावहिनी दोन वर्षांपूर्वी गेली, हे मला तिथे भिंतीवरचा फोटो पाहून कळलं. मी तिला आधी विचारलंसुद्धा नव्हतं की आई कुठे आहे.

फॉर्म पुढे केला. तिची मुलगी नम्रता तिथेच होती, हिंजवडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने तो उचलून वाचला आणि गोत्राची गोष्ट माझ्याकडून ऐकली.

"म्हणजे ते फील्ड कंपल्सरी ठेवलंय? कोणी लिहिलाय हा प्रोग्रॅम?"

मी म्हटलं, तुझ्या आईच्या चुलत चुलत्याचा मुलगा, कॅलिफोर्नियात असतो.

"अहो, एक ओळ काढायची. पाच मिनिटं पण नाही लागत. त्यांना येत नसेल तर मी मेल करून सांगते," असं म्हणून ती हसत आत गेली. वरदला कळव.

राधा हसली नाही. ती उठली आणि कपाटातून एक पुस्तक घेऊन आली. आपला कुलवृत्तांत, पहिली आवृत्ती, वरून खाकी कव्हर घातलेला.

"आईने आणलं होतं हे," ती म्हणाली. "आप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत दिसलं. बाबांचं नाव छापलंय म्हणून घेऊन आली. इतकी खूष होती! मला म्हणाली, बघ, तुझ्या बाबांचं नाव पुस्तकात आहे. मी बारा वर्षांची होते. तिने विचारलं, पुढे नि. सं. लिहिलंय ते काय गं? मी पुढची पानं चाळून संक्षेपांची यादी काढली, वाचली. आणि तिला सांगितलं, काही नाही, छापखान्याची खूण असते. ती गेली तोवर तिला तेवढंच माहीत होतं."

दीना, मी पासष्ट वर्षांची आहे. बारा वर्षांच्या पोरीने आईपासून जे लपवलं, ते ऐकून मला त्या खुर्चीत बसवेना. पाणी मागायचीसुद्धा लाज वाटली.

आता मागच्या पत्राविषयी. त्यात मी तुला खोटं लिहिलं. आप्पांनी सांगितलं तसं मी लिहिलं, हे खोटं आहे. खरं काय झालं ते राधाला त्या दिवशी सांगितलं, तुलाही सांगते.

आप्पा एकेक नोंद सांगत आणि मी उतरवून घेत असे. दोनशे चौदाला आले, नाव सांगितलं, जन्म, मृत्यू, नोकरी सांगितली आणि थांबले. मग म्हणाले, "पुढचं राहू दे कोरं. मला सुचत नाही." आणि उपरणं घेऊन गणपतीला गेले. आठवडाभर ती जागा कोरी होती. प्रत छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी मी ती भरली. माझ्या हाताने, कोणी न सांगता. आप्पांनी छापून आल्यावर पाहिलं. पुढे कधी त्यांनी मला लिहायला बसवलं नाही.

का लिहिलं? त्या महिन्यात मला एक स्थळ सांगून आलं होतं. सदाशिव पेठेतलं, मुलगा प्रोफेसर. ती माणसं छापील पुस्तक चाळून बघणारी. कन्या राधा असं छापलं तर आई कोण, कुठली, हे प्रश्न येणार होते. कोरी जागा सोडली असती तरी आले असते. म्हणून मी असं लिहिलं की प्रश्नच येऊ नये. ते स्थळ पुढे पत्रिका जुळत नाही म्हणून मोडलं. एवढ्यासाठी केलं मी ते.

आणि त्या मुलीचं नाव कोणी ठेवलं होतं, माहीत आहे? मी. बारशाला आपल्या घरातून मी एकटी गेले होते, ऑफिसात जास्त काम आहे असं आईला सांगून. शैलावहिनीची आई, वेणूबाई, त्यांनी मला हाताला धरून पाळण्याशी नेलं. म्हणाल्या, "आत्याबाईंनीच नाव ठिवायचं. आमच्यात बी तसंच असतंय." नाव मीच ठरवलं होतं, दादाने सगळं माझ्यावर सोपवलं होतं. मी वाकून तिच्या कानात तीनदा सांगितलं, राधा, राधा, राधा, आणि मागून बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. दादा दारात उभा राहून हसत होता. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय.

तीन वर्षांनी त्याच मुलीला मी नाहीशी केली. आणि त्यानंतर तीस वर्षं तिच्या आईच्याच कारखान्यात नोकरी केली. ताप आला तरी मी तिथल्या दवाखान्यात गेले नाही, पदरचे पैसे मोडून बाहेरचा डॉक्टर गाठला. फाटकाशी शैलावहिनी दिसली की रस्ता बदलायची. तिने एकदाही हाक मारली नाही. मला वाटायचं, ती रागावली आहे. आता कळतंय की तिला काही माहीतच नव्हतं, ती बिचारी मी बोलेन म्हणून थांबत असेल.

राधाने हे सगळं ऐकून घेतलं. शेवटी फॉर्मची नीट घडी घालून माझ्या पुढ्यात ठेवला.

"माझ्या दाखल्यावर बाबांचं नाव आहे," ती म्हणाली. "आईच्या पेन्शनच्या कागदावर आहे. माझ्या लग्नात पत्रिकेवर होतं. मला ते पुरलं. तुमच्या पुस्तकात मला यायचं नाही."

मी म्हटलं, मग ती चूक तशीच राहील.

"ती चूक तुमची आहे. ती दुरुस्त करायला माझं नाव कशाला लागतं?"

असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी लोकांकडे ज्या नजरेने पाहत आले, तुझ्याकडे, तुझ्या समितीकडे, सदाशिव पेठेतल्या त्या प्रोफेसराकडे, तशी ती नजर होती. माझ्याकडे तसं कोणी कधी पाहिलं नव्हतं. पाहायला हवं होतं, फार आधी. तास-दीड तास मी तिथे होते, तिने मला चहा दिला, रिक्षापर्यंत सोडायला आली. तेवढ्या वेळात तिने मला काहीही म्हणून हाक मारली नाही. आत्या नाही, बाई नाही, मावशीसुद्धा नाही.

तेव्हा दीनानाथ, तू सुटलास. सहीचा फॉर्म येणार नाही. गोत्राचा रकाना तुझ्या यंत्रात सुखाने राहू दे. राधाचं नाव कुठेही छापू नकोस, 'माहिती उपलब्ध नाही' असली पळवाटही नको. तुझा तिरस्कार करणं मला फार सोपं गेलं. त्या निमित्ताने मी महिनाभर मोठ्या ऐटीत होते. तू भित्रा आहेसच, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण तू कोणाला खोडलेलं नाहीस. मी खोडलंय.

नव्या आवृत्तीच्या शेवटी शुद्धिपत्र असेलच, जुन्यातल्या तारखा आणि काना-मात्रा सुधारायला तू तीन पानं राखून ठेवली आहेस असं ऐकते. त्यात खालचा मजकूर शब्द न बदलता घाल:

'पहिली आवृत्ती, पृष्ठ १२६, क्रमांक २१४. येथे निस्संतान असे छापले आहे. ते खोटे आहे. मृताची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, हे लिहिणाऱ्याला माहीत होते. आद्य संपादकांचा यात दोष नाही. नोंद मी केली. मंदाकिनी रंगनाथ पिंपरखेडकर.'

समितीला आवडणार नाही. घराण्याची अब्रू, संमेलनाचं वातावरण, बाहेरगावाहून आलेली माणसं, सगळं तू मला लिहून कळवशील. कळवू नकोस. हे छापलं नाहीस तर संमेलनात सत्काराला मी व्यासपीठावर येईन, शाल घेईन, माईक हातात घेईन आणि हेच सात वाक्यांत वाचून दाखवीन. कानाने ऐकू येणारी सगळी माणसं त्या हॉलमध्ये असतील. यंत्रात काय भरायचं ते मग वरदला ठरवू दे.

या पत्रावर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही. ज्या एका पोरीला मी तो मनापासून दिला होता, तिच्या तो कधीच उपयोगी पडला नाही.

मंदाकिनी